पोलिसांच्या गस्ती नौका आणि नौदलाची शस्त्रे

पोलिसांची गस्ती नौका पाण्यावर चालते, पण तिच्यावरचा कायदा जमिनीवरचा असतो. तिच्यावरचा अंमलदार पंचनामा करतो, गुन्हा नोंदवतो आणि आरोपीला न्यायालयापुढे उभे करतो. समोरून गोळीबार झाला तर मात्र ठाण्यात शिकलेले अपुरे पडते. तेव्हा लागणारे शस्त्र, ते नौकेवर बसवण्याचे तंत्र आणि डोलत्या डेकवरून नेम धरण्याचे शिक्षण नौदलाकडूनच घ्यावे लागते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर कंपनी सरकारने, पुढे ब्रिटिश राजवटीने आणि पोर्तुगिजांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. स्वतंत्र भारतापुढे तो १९९३ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये उभा राहिला. या दोन्ही वेळी देशाचे गृहमंत्री मराठवाड्याचे होते: आधी नांदेडचे शंकरराव चव्हाण, नंतर लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या दोन जिल्ह्यांचा सागरी पोलिसांच्या इतिहासाशी संबंध आला तो असा.

ईस्ट इंडिया कंपनीची लहान नौकांची तुकडी सप्टेंबर १६१२ मध्ये सुरतेला पोहोचली आणि त्याच वर्षी सुवाळीजवळ तिची पोर्तुगिजांशी झुंज झाली. कंपनीच्या आरमाराची सुरुवात तेव्हापासून धरली जाते. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात बेटावरच्या भंडारी समाजातून पहारेकऱ्यांची फौज उभी राहिली आणि मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिणारे तिच्यापासूनच आरंभ करतात. १६८६ मध्ये कंपनीच्या आरमाराचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला आले व त्याला ‘बॉम्बे मरीन’ हे नाव मिळाले. रस्त्यावर भंडारी पहारेकरी आणि पाण्यावर बॉम्बे मरीन अशी ही वाटणी होती. व्यापारी जहाजांना सोबत देणे, खाड्यांच्या तोंडांवर नजर ठेवणे आणि परवान्याशिवाय फिरणारी गलबते अडवणे ही मरीनची रोजची कामे होती. आजच्या हिशेबाने त्यातले निम्मे काम पोलिसांचे आणि निम्मे नौदलाचे ठरेल.

या गस्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या नौका विलायतेच्या धर्तीच्या नव्हत्या. कंपनीने कोकणी दर्यावर्दींच्या गुराबा आणि गलबते जशीच्या तशी उचलली. गुराब साधारण दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची आणि पसरट बुडाची असे. तिच्या नाळेवर समोर तोंड करून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा बसवलेल्या असत, म्हणजे पाठलाग करतानाच मारा करता येई. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले. त्यातल्या हलक्या प्रकाराचा वरचा डेक चिरलेल्या बांबूंचा केलेला असे. त्या डेकवर फिरत्या खुंट्यांवर छोट्या तोफा बसवत, कारण बांबूच्या तळाला जड तोफ झेपत नसे. मोठ्या गलबतांना पक्का डेक आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही एकदम पाण्यात पडत आणि शिडाच्या मोठ्या जहाजाला जागचे हलता येत नसताना गलबत त्याच्या भोवती फिरू शके. नौका किती वजन पेलते हे आधी पाहायचे आणि मग शस्त्र निवडायचे, हा नियम तेव्हाच्या कारागिरांना पक्का ठाऊक होता. गस्ती नौकेच्या बांधणीत तो आजही पहिला आहे.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते आणि किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक देण्याचा हक्क ते सांगत. दस्तक नसलेले जहाज अडवणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपल्या समुद्रावरचा कायदा राबवणे होते. कंपनीच्या कागदांत याच कामाला चाचेगिरी म्हटले गेले आणि इंग्रजी इतिहासांनी तो शिक्का दीर्घकाळ चालवला. तो निवाडा एकतर्फी आहे. परवाना मागणे, जकात घेणे आणि न देणाऱ्यास पकडणे ही कामे कंपनीही करत होती. पाण्यावर हुकूम कोणाचा चालणार, हा खरा झगडा होता.

या झगड्यात कंपनीच्या गस्ती आरमाराची मर्यादा अनेकदा उघडी पडली. विजयदुर्ग आणि खांदेरीवरचे हल्ले फसले. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नौदलाची जहाजे, कंपनीचे आरमार आणि पोर्तुगीज सैन्य असे तिघे मिळून आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, तरीही अपयशच पदरी आले. कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले. त्यानंतर आंग्र्यांच्या घरात फूट पडली, आणि पेशवे तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूला गेले, तेव्हा चित्र पालटले. १७५५ मध्ये बॉम्बे मरीनच्या विल्यम जेम्सने ‘प्रोटेक्टर’ या चव्वेचाळीस तोफांच्या जहाजासह सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनची राजनौदलाची जहाजे, बॉम्बे मरीनच्या नौका आणि जमिनीवर क्लाइव्हचे सैन्य यांनी मिळून विजयदुर्गचा पाडाव केला. बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार आगीत जळाले. कोकणच्या दृष्टीने ही मोठी हानी होती. मराठ्यांचे सर्वांत कसलेले आरमार गेले आणि पुढच्या काळात इंग्रजांना पाण्यावर अडवणारे तोलामोलाचे कोणी उरले नाही.

शत्रू संपल्यावर गस्तीवरचा खर्च डोळ्यांत येऊ लागतो. १८३० मध्ये बॉम्बे मरीनचे नाव ‘इंडियन नेव्ही’ झाले आणि १८६३ मध्ये हे आरमार मोडण्यात आले. भारताच्या समुद्राचे रक्षण इंग्लंडच्या राजनौदलाकडे गेले व त्यासाठी भारताच्या तिजोरीतून पैसे जाऊ लागले. १८७७ मध्ये पुन्हा एक सरकारी सागरी सेवा उभी राहिली आणि १८९२ मध्ये तिला ‘रॉयल इंडियन मरीन’ नाव मिळाले. सैन्याची ने-आण, किनाऱ्याची मोजणी, दीपगृहांना भेटी आणि अडचणीतल्या जहाजांना मदत हे तिचे मुख्य काम होते. लढाऊ नौदल म्हणून तिचे रूपांतर १९३४ मध्ये झाले. जुने आरमार मोडले जात होते त्या सुमारास जमिनीवर मात्र पोलीस खाते घट्ट बांधले जात होते. १८६१ चा पोलीस कायदा आला आणि १८६४ मध्ये फ्रँक सूटर मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त झाला. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने चोरट्या मालाचा तपास सीमाशुल्क खात्याकडे दिला. एकाच किनाऱ्यासाठी पोलीस, सीमाशुल्क आणि नौदल अशी तीन दारे तयार झाली. ही विभागणी वसाहतीच्या प्रशासनाला सोयीची होती, पण पुढे शंभर वर्षे ती या किनाऱ्याला महागात पडली.

गरज पडली की सरकार शस्त्रसज्ज होड्या पुन्हा पाण्यात उतरवत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मस्कतहून मकरान किनाऱ्यावर आणि तिथून वायव्य सरहद्दीकडे बंदुकांचा मोठा चोरटा व्यापार चालत होता. तो रोखण्यासाठी १९०९ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत राजनौदलाने इराणच्या आखातात गस्त घातली. मोठी युद्धनौका उथळ पाण्यात जाऊ शकत नसे, म्हणून तिच्या पोटातल्या लहान होड्या शस्त्रे देऊन किनाऱ्यालगत पाठवल्या जात. मोठे जहाज लांब उभे, लहान होडी किनाऱ्याला लागून आणि दोघांमध्ये सतत निरोप, ही रचना आजच्या सागरी सुरक्षेचाही पाया आहे.

पोर्तुगिजांची पद्धत निराळी होती. गोवा, दमण आणि दीव या तिन्ही ठिकाणी त्यांनी पाहणी-गस्तीच्या लहान नौका नौदलाच्याच हाती ठेवल्या होत्या. गोव्याच्या बंदराचे महत्त्व मराठवाड्यालाही एका वळणावर जाणवले होते. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता आणि १९४७-४८ मध्ये निजामाच्या बाजूने गोव्याचे बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगिजांशी बोलणी चालली होती. ते साधले नाही. तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांनी कराचीहून हत्यारे आणली आणि ती बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवली. बिदर म्हणजे उदगीरच्या शेजारचे गाव. लातूर-नांदेडची माणसे रझाकारांच्या छळाखाली असताना चोरट्या शस्त्रांची ही वाहतूक त्यांच्या डोक्यावरून चालू होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने ती थांबली.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा पोर्तुगिजांच्या तीन गस्ती नौका तीन बंदरांत होत्या: गोव्यात ‘सिरियस’, दमणला ‘अंतारेस’ आणि दीवला ‘वेगा’. प्रत्येकीवर २० मिलिमीटरची एकेक ऑर्लिकॉन तोफ होती. चोरटी मालवाहतूक करणाऱ्या होडीला थांबवायला ती पुरेशी होती. दीवसमोर मात्र भारतीय नौदलाची ‘दिल्ली’ ही क्रूझर उभी होती आणि आकाशात हवाई दलाची व्हॅम्पायर विमाने होती. ‘वेगा’ने आपल्या एकुलत्या तोफेने विमानांवर गोळीबार केला, पण विमानांच्या माऱ्यात नौका पेटली व तिचा तरुण कप्तान ऑलिव्हेरा इ कार्मो मारला गेला. ‘अंतारेस’ दमणहून निसटून कराचीला पोहोचली. ‘सिरियस’ तिच्याच खलाशांनी निकामी केली आणि एका परदेशी मालवाहू जहाजाने ते कराचीला गेले. पोर्तुगिजांचे मोठे जहाज ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ मुरगावजवळ भारतीय फ्रिगेटांशी लढून वाळूत रुतले. एका तोफेची गस्ती नौका कायदा राबवण्यासाठी असते. तिला रणांगणावर उभे करणाऱ्या लिस्बनच्या राज्यकर्त्यांनी आपल्या माणसांचे जीव व्यर्थ घालवले.

स्वातंत्र्यानंतर पहिली दोन-तीन दशके किनाऱ्यावरची चोरटी आयात सोने, घड्याळे आणि कापडाची होती. तिच्याशी झुंजायला सीमाशुल्क खात्याला वेगवान नौका नव्हत्या व नौदलाला त्या कामात अडकून पडणे परवडणारे नव्हते. १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीत जन्मले होते आणि पोलीस सेवेतून आले होते. वेगळे तटरक्षक दल हवे असा निष्कर्ष या समितीने काढला. १ फेब्रुवारी १९७७ रोजी दलाचे काम सुरू झाले ते नौदलाने दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेटांवर आणि पाच गस्ती नौकांवर. म्हणजे भारताचे तटरक्षक दल जन्मले तेच नौदलाच्या शस्त्रांनिशी. १९७८ च्या कायद्याने त्याला रीतसर रूप मिळाले. किनाऱ्याला लागून असलेले उथळ पाणी, खाड्या आणि मासळी उतरवण्याच्या जागा मात्र राज्य पोलिसांच्या हद्दीत राहिल्या आणि पोलिसांकडे त्यासाठी जवळजवळ काहीच नव्हते.

जानेवारी आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये याच पट्ट्यातून स्फोटके आली. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आणि शेखाडी इथे आरडीएक्स व बंदुका उतरवल्या गेल्या. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनी पैसे घेऊन माल पुढे जाऊ दिला, हे टाडा न्यायालयात सिद्ध झाले व त्यांना शिक्षा झाल्या. कोणत्याही नौकेवरच्या कितीही मोठ्या तोफेने ही चूक भरून निघाली नसती.

शंकरराव चव्हाण त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते. जायकवाडीसारख्या धरणांच्या कामामुळे पाण्याशी त्यांचे नाव आधीच जोडले गेले होते. स्फोटांनंतर १९९३ मध्येच महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. त्यात गस्तीचे थर ठरवले गेले. खोल समुद्रात नौदल व तटरक्षक दलाची जहाजे आणि विमाने असत, तर किनाऱ्यालगत भाड्याने घेतलेले मासेमारी ट्रॉलर फिरत. या ट्रॉलरांवर नौदल, पोलीस आणि सीमाशुल्क खात्याची माणसे एकत्र असत. नौसैनिकाकडे शस्त्र आणि शिस्त, पोलिसाकडे अटकेचा अधिकार, सीमाशुल्काच्या माणसाकडे मालाची पारख आणि ट्रॉलरच्या तांडेलाकडे पाण्याची माहिती असे ते मिश्रण होते. तीन वेगळी दारे पहिल्यांदाच एका डेकवर आली, हे या मोहिमेचे मोठे श्रेय आहे. कमतरता मात्र वाहनातच होती. मासेमारीचा ट्रॉलर जाळी ओढण्यासाठी बांधलेला असतो, त्यामुळे वेगवान होडीचा पाठलाग त्याला जमत नाही. भाड्याच्या नौकेवर कायमचे शस्त्रही बसवता येत नाही.

कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने सीमांच्या व्यवस्थेचा आढावा घेतला आणि २००१ च्या अहवालात किनाऱ्याकडे लक्ष वेधले. जानेवारी २००५ मध्ये केंद्राने सागरी सुरक्षा योजना मंजूर केली. गृहमंत्री होते शिवराज पाटील चाकूरकर. किनारा असलेल्या नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत मिळून ७३ सागरी पोलीस ठाणी, ९७ तपासणी नाकी आणि २०४ नौका देण्याचे ठरले. महाराष्ट्राच्या वाट्याला १२ ठाणी आणि २८ नौका आल्या. नौका दोन प्रकारच्या होत्या, बारा टनी आणि पाच टनी. त्या गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच या संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून बांधून घ्यायच्या होत्या. आराखडा चांगला होता, पण करार व्हायलाच २००८ उजाडले.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री दहा हल्लेखोर ‘कुबेर’ हा पोरबंदरचा ट्रॉलर पळवून मुंबईसमोर आले आणि रबरी होडीतून बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकले होते. योजनेतल्या नौका तेव्हा हाती आलेल्या नव्हत्या. १६६ माणसे मारली गेली. ३० नोव्हेंबरला चाकूरकर यांनी राजीनामा दिला. काही दिवसांत मुख्यमंत्री विलासराव देशमुख, लातूरजवळच्या बाभळगावचे, पायउतार झाले आणि ८ डिसेंबरला शंकररावांचे पुत्र, नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. हल्ल्याची जबाबदारी आणि नंतरच्या उभारणीची जबाबदारी अशा रीतीने लातूर-नांदेडच्याच नेत्यांवर आली. चाकूरकरांवर तेव्हा जी टीका झाली तिच्यात एक गोष्ट झाकली गेली: सागरी पोलिसांना स्वतःच्या नौका देण्याची पहिली देशव्यापी योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. चूक झाली ती अंमलबजावणीच्या वेगात, आणि त्या चुकीत केंद्र व राज्य दोघांचा वाटा होता.

२००९ मध्ये किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंतच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. बारा सागरी मैलांच्या आतल्या पाण्यात पोलीस आणि तटरक्षक दल यांच्यात मेळ घालण्याचे काम तटरक्षक दलाला मिळाले. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर इथे संयुक्त कार्यकेंद्रे उभी राहिली. नौदलाने स्वतःच्या तळांच्या रक्षणासाठी हजार जणांचे ‘सागर प्रहरी बल’ आणि त्याच्यासाठी ऐंशी वेगवान नौका उभ्या केल्या. २०११ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात आणखी १३१ ठाणी आणि ६० धक्के होते. सागरी पोलिसांचे सुरुवातीचे प्रशिक्षण तटरक्षक दलाने आणि नौदलाने केले. २०१८ पासून गुजरातमध्ये ओखा इथे किनारी पोलिसांची राष्ट्रीय अकादमी चालू आहे.

शस्त्र बसवण्याचे काम वरून दिसते तितके सोपे नाही. जीपवरची मशिनगन उचलून नौकेवर ठेवली की काम झाले, असे होत नाही. गस्ती नौकेचे अंग बहुधा फायबरचे किंवा अॅल्युमिनियमचे असते. मशिनगन सुटली की मागे धक्का बसतो आणि तो धक्का डेकच्या एका टिचभर जागेवर वारंवार येतो. म्हणून गनच्या बैठकीखाली डेकला आतून जाड पट्टी द्यावी लागते, नाहीतर फायबरला चिरा जातात. गन फिरताना ती आपल्याच केबिनवर किंवा अँटेनावर रोखली जाऊ नये म्हणून बैठकीला अडसर बसवतात. उंचावर वजन वाढले की नौका जास्त डोलते, त्यामुळे लहान नौकेवर हलकी मशिनगन आणि हातातल्या रायफली एवढेच झेपते. खारे पाणी गनच्या प्रत्येक सांध्यात शिरते. फेरीवरून परतल्यावर ती गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल देऊन शस्त्रागारात जमा करावी लागते. जमिनीवरच्या ठाण्यात आठवड्यातून एकदा केलेली सफाई चालून जाते, नौकेवर ती चालत नाही. नेमबाजी तर वेगळीच विद्या आहे. लाटेवर नौका वर जाते, क्षणभर थबकते आणि खाली येते. त्या थबकण्याच्या क्षणी गोळी सोडायची असते, आणि हे शिकवणारे उस्ताद नौदलाच्या तोफखान्यातच मिळतात.

गोळी कधी सोडायची, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. समोरच्या होडीत अतिरेकी असेल तसा पालघरचा किंवा रत्नागिरीचा मच्छीमारही असेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी गस्ती नौकेच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमाराचा जीव गेला. त्यामुळे पोलिसांच्या नौकेवर क्रम ठरलेला असतो: आधी दिवा आणि भोंगा, मग रेडिओवरून आणि कर्ण्यातून इशारा, मग नाळेपुढच्या पाण्यात इशाऱ्याची गोळी. माणसावर गोळी चालवणे हा शेवटचा उपाय असतो. हा क्रम सैनिकाच्या सवयीला जड जातो, पोलिसाच्या सवयीला तो जवळचा आहे. म्हणूनच किनाऱ्यालगतची नौका नौदलाने शस्त्र द्यावे आणि पोलिसाने चालवावी, ही व्यवस्था योग्य आहे.

कायद्याच्या बाजूने तर नौदलालाच पोलिसांची गरज लागते. २०११ मध्ये पकडलेल्या सोमाली चाच्यांवर मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदले गेले. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ या जहाजावरचे ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. हजारो किलोमीटरवर झालेल्या कारवाईचा शेवट ठाण्यातल्या फिर्यादीनेच होतो.

दिघी, शेखाडी, कुबेर, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि गोवा या साऱ्या घटना नोव्हेंबर ते एप्रिल या शांत समुद्राच्या महिन्यांतल्या आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि लहान गस्ती नौका बाहेर काढणे धोक्याचे असते. अनेक वर्षे पावसाळ्याला नैसर्गिक तटबंदी मानले गेले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हा समज ढासळला. श्रीवर्धन तालुक्यातच हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ नावाची एक रिकामी नौका किनाऱ्याला लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बिघडल्याने जूनमध्ये खलाशांनी ती सोडून दिली होती आणि ती वाहत आली होती. कट काही नव्हता. पण शस्त्रे असलेली एक नौका कोणाच्या लक्षात न येता थेट वाळूपर्यंत आली. किनाऱ्यावर रडारची साखळी होती, ठाणी होती, नौका होत्या, तरीही हे घडले. मे ते सप्टेंबर या काळासाठी वेगळ्या बांधणीच्या, खवळलेल्या पाण्यात तग धरणाऱ्या थोड्या मोठ्या नौका लागतील, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

नौका आणि गन मिळाल्यावरही त्या चालवणारी माणसे लागतात. पोलीस नौकेवर सारंग, इंजिन ड्रायव्हर आणि खलाशी लागतात आणि ही पदे साध्या शिपाई भरतीतून भरता येत नाहीत. नौदल आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांना कंत्राटावर घेऊन हे काम बऱ्याच अंशी चालवले जाते. डिझेलची मंजुरी, सुटे भाग आणि दुरुस्तीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या नौका ही कोकणच्या धक्क्यांवरची जुनी तक्रार आहे. दुसरीकडे मुंबई आणि ठाणे पोलिसांत लातूर, नांदेड, बीड, परभणीची मुले मोठ्या संख्येने दाखल होतात. पहाटे रस्त्याच्या कडेला १६०० मीटर धावण्याचा सराव करणारी ही मुले जिद्दीची आहेत. पण शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत धावणे आणि गोळाफेक असते, पोहणे नसते. समुद्र कधीही न पाहिलेला जवान थेट सागरी ठाण्यात नेमला गेला, तर पहिले काही महिने त्याची लढाई लाटेशी आणि मळमळीशीच होते. सागरी ठाण्यांसाठी वेगळी भरती, पोहण्याची अट आणि नेमणुकीची ठरावीक मुदत या तीन गोष्टी केल्याशिवाय नव्या नौकांचा पूर्ण उपयोग होणार नाही.

पाण्यावरची पोलिसगिरी मराठवाड्यालाही अगदी अनोळखी नाही. नांदेड जिल्ह्यात गोदावरीच्या पात्रात बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटी आणि तराफे महसूल व पोलिसांची पथके पकडतात आणि अनेकदा जिलेटिनने उडवून देतात. तिथे लागतात ते पोहता येणारे अंमलदार, पात्राची माहिती असलेले स्थानिक आणि खात्यांमधला मेळ. समुद्रावरही याच तीन गोष्टी लागतात, फक्त पाणी फार मोठे आहे.

मच्छीमारांना सोबत घेण्याची व्यवस्था महाराष्ट्रात सागर रक्षक दलाच्या रूपाने आहे, आणि ‘सागर कवच’ या सरावांत नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस एकत्र उतरतात. किनाऱ्यावर अनोळखी होडी, बेवारस सामान किंवा संशयास्पद हालचाल दिसली तर सागरी पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक १०९३ आहे आणि तटरक्षक दलाचा १५५४. हे दोन्ही क्रमांक कोकणात सुट्टीला जाणाऱ्या लातूर-नांदेडच्या प्रवाशांनीही फोनमध्ये जतन करून ठेवावेत.